उधाणाची सुट्टी

"काय व्हायला पाहिजे होतं ते नको. काय झालं ते सांगा."

हे म्हणायच्या आधी गुरुजी चष्मा काढायचे, धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि परत न लावता हातातच धरून ठेवायचे. चष्म्याशिवाय त्यांना समोरच्याचा चेहरा धड दिसत नसे. पुढे मला वाटायला लागलं की ते मुद्दामच तसं करत असावेत. आपला चेहरा कुणाला दिसत नाही म्हटलं की खरं बोलायला जरा सोपं जातं.

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल. त्याच्यासमोर थाप मारायची सोय नसते, आणि थाप सापडली तरी ते रागावत नाही. रागावलं असतं तर बरं झालं असतं, असं आपल्यालाच वाटत राहतं. कोपरीच्या आमच्या शाळेत सगळेच पुरुष शिक्षक गुरुजी होते, पण नुसतं 'गुरुजी' म्हटलं की ते तिसरीचे गुरुजी, हे न सांगता कळायचं.

मी डोंबिवलीहून यायची. स्वातंत्र्य येऊन पाच-सात वर्षं झाली होती. इंटरपर्यंत शिकलेली, अक्षर बरं, इंग्रजी कामापुरतं आणि पाठीवर चार भावंडं, एवढी माझी पुंजी. शिक्षिकेची नोकरी, तीही तात्पुरती होती. शाळा ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला. कौलारू, चार वर्गांची. निम्मी मुलं स्टेशनजवळच्या चाळींतली आणि निम्मी मिठागरांवर राबणाऱ्या घरांतली. फळा पुसायचं फडकंसुद्धा तिथे कधी पुरतं वाळायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरांनी मला तपासणीचं शास्त्र शिकवलं. "साहेबांनी प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचा. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. आपण उजव्या हातवाल्यालाच उठवायचं." मला हे फार हुशारीचं वाटलं होतं. माझ्या वर्गाकडून मी ते इतकं पक्कं करून घेतलं की मुलं लघवीला जायचं विचारतानाही आधी कोणता हात ते आठवायची. साहेब खूश होत आणि शाळेच्या शेरेबुकात लिहून जात, 'मुले चुणचुणीत आहेत.' पाहुणा कोणीही आला तरी जाताना त्या जाड वहीत चार ओळींचा शेरा लिहायचा, अशी पद्धत होती.

तिसरीत मात्र हे चालत नसे. साहेबांनी एकदा तिथे गणित घातलं तर दोनच हात वर झाले.

"बाकीच्यांचं काय?" साहेबांनी विचारलं.

"त्यांना येत नाही, साहेब."

"का येत नाही?"

"ते मला अजून कळलेलं नाही," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी शेरा लिहिला, 'तिसरीच्या शिक्षकांनी अधिक लक्ष घालावे.' गुरुजींनी तो वाचला आणि "बरोबर आहे," म्हणून वही मिटून ठेवली. हेडमास्तर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

गुरुजींच्या टेबलावर हजेरीपटाशेजारी कायम पंचांग असायचं. मला वाटलं, माणूस सोवळ्या-ओवळ्यातला असणार. एकदा हजेरीपट उघडा होता तेव्हा पाहिलं तर प्रत्येक तारखेच्या डोक्यावर पेन्सिलीनं बारीक तिथी लिहिलेली. मी विचारलं तर त्यांनी पान माझ्याकडे वळवलं. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला लागून, प्रतिपदा-द्वितीयेच्या रकान्यांत, गैरहजेरीच्या फुल्यांची दाटी झालेली होती.

"पोरं उनाड नाहीत, बाई. पाण्याची वेळ सांभाळतात."

त्या दोन दिवसांत खाडीला उधाण येतं. मिठागरात पाणी घ्यायचं ते तेव्हाच. मग घरातलं चालतं-फिरतं प्रत्येक माणूस बांधावर लागतं, आणि तिसरीतला मुलगा म्हणजे चांगलं चालतं-फिरतं माणूस. गुरुजींनी एकाच्या बापाला टोकलं होतं की बाबा, काम रविवारी सांगत जा. तो म्हणाला, "उधान आयतवार बगून येतंय काय, गुर्जी?"

एवढं सांगून गुरुजींनी पट मिटला.

त्याच वर्षी ट्रेनिंग कॉलेजच्या वतीनं एक अमेरिकन बाई आमच्या भागातल्या शाळा पाहत हिंडत होत्या. त्यांचं म्हणणं असं, की शिक्षकानं आपल्याच वर्गातली एखादी अडचण निवडावी, तिच्यावर स्वतः उपाय करून पाहावा आणि जे घडेल ते, फसलं तर फसलं म्हणून, लिहून काढावं. देशोदेशीच्या शिक्षकांनी ते एकमेकांना कळवावं. आता याला कृतिसंशोधन म्हणतात. त्याची शिबिरं भरतात, चहा-बिस्किटं मिळतात आणि शेवटी प्रमाणपत्र. आम्ही नुसतं 'प्रयोग' म्हणायचो. हेडमास्तर तेवढंही म्हणायचे नाहीत. ते म्हणाले, "तपासणी ती तपासणी. गोरी असली म्हणून काय झालं?"

त्यामुळे मडम आल्या त्या दिवशी सगळ्या वर्गांत हातांची झाडं उभी राहिली, उजव्या आणि डाव्या. मी दुभाषी म्हणून बरोबर होते. मडम हसत होत्या, पण त्यांच्या वहीत काही लिहिलं जात नव्हतं. तिसरीत शिरलो. गुरुजींनी पाहुण्यांना नमस्कार केला आणि मला सांगितलं, "त्यांना सांगा, या वर्गात माझी एक अडचण आहे." मडमनी खुर्ची सोडली आणि त्या मुलांच्या बसकरावर मांडी घालून बसल्या. एवढी उंच बाई, गुडघे कुठे ठेवावेत तिला कळेना. पण वही उघडली.

उधाणाला मला इंग्रजी सुचेना. मी 'बिग वॉटर' म्हणून वेळ मारून नेली. त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे उत्तरेला बटाटे पिकतात. काढणीच्या दिवसांत तीन आठवडे शाळाच बंद असते. मीही लहानपणी त्या दिवसांत बटाटे काढले आहेत.

"त्याला परवानगी कोणी दिली?" गुरुजींनी विचारलं.

मडमनी थोडा विचार केला. "बटाट्यांनी," त्या म्हणाल्या.

गुरुजी हसले. मोठ्यानं, खांदे हलवून. त्यांना तसं हसताना मी तेवढंच पाहिलं.

मडमच्या शब्दाला वजन होतं. तीन महिन्यांसाठी, फक्त तिसरीला, परवानगी मिळाली. रविवारी शाळा भरायची आणि प्रतिपदा-द्वितीयेला सुट्टी. हेडमास्तर म्हणाले, "म्हणजे पुन्हा पंतोजींची शाळा. तेही प्रतिपदेला सुट्टी द्यायचे." गुरुजी म्हणाले, "त्यांना खाडी तरी दिसत असेल." आणि दर रविवारी ते नौपाड्याहून रुळांवरचा पूल ओलांडून एकटे शाळेत यायला लागले.

मुलगे आले. उधाणाचे दोन दिवस बांधावर, बाकी सगळे दिवस वर्गात. हेडमास्तर ज्याला-त्याला हजेरीपट दाखवत सुटले. मी गुरुजींचं अभिनंदन केलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"मुलगे आले, बाई. मुली गेल्या."

वर्गात मिठागरांकडच्या वस्तीतल्या पाच मुली होत्या. रविवारी नौपाड्यातली कचेरीची माणसं घरी असतात, निवांत बाजार करतात, म्हणून मासळी खपते ती रविवारी. त्या दिवशी मुलींच्या आया डोक्यावर पाटी घेऊन पहाटेच निघायच्या आणि तान्ही पोरं या पोरींच्या कडेवर यायची. आधी रविवारी शाळाच नव्हती, म्हणून ते कधी कुणाला दिसलं नव्हतं. आता रविवारी नवा धडा व्हायचा आणि सोमवारी या पाचजणी माना खाली घालून बसायच्या. तीन महिने संपेपर्यंत पाचांतल्या तिघी यायच्याच बंद झाल्या.

गुरुजी त्यांच्या घरी गेले. एकीची आई म्हणाली, "आयतवारीच तर धंदा व्हतो, गुर्जी. मी पाटी घेऊन गेली तं तान्ह्याला कोन बगल?"

"रविवार मी काढून घेतला," गुरुजी मला म्हणाले, "आणि तो कुणाचा होता ते विचारलंच नाही."

प्रयोग संपला, रविवारची सुट्टी परत आली. पण त्या तिघी आल्या नाहीत. मुलगी एकदा घरात उपयोगी पडायला लागली की तिला परत कोण पाठवतं? गुरुजींनी अहवाल लिहिला तो सहा पानांचा. पाच पानं मुलग्यांची. शेवटच्या पानावर मुलींचं सगळं होतं, नावानिशी, आणि खाली एक विनंती होती: तिसरीच्या वर्गात मागच्या बाजूला आढ्याला एक झोळी बांधायची परवानगी मिळावी, म्हणजे मुली भावंडांना घेऊन येतील.

अहवाल मडममार्फत वरच्या साहेबांकडे आणि परदेशी जायचा होता, म्हणून तो इंग्रजीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. गुरुजींना इंग्रजी येत नव्हतं. हेडमास्तरांनी सहा पानं चाळली आणि शेवटचं काढून माझ्याकडे न देता स्वतःच्या खणात टाकलं.

"परक्या देशात जाणार हे. आपल्या घरची धुणी तिथे कशाला? आणि वर्गात झोळी! उद्या चूल मांडतील. तुम्ही पाच पानं करा. तुमच्या कायम होण्याच्या कागदावर मला शेरा लिहायचाय, तो काही वाईट लिहायची माझी इच्छा नाही."

मी पाच पानं केली. तेव्हा मनाशी म्हणाले, गुरुजींचंच भलं आहे यात, प्रयोग यशस्वी दिसेल, त्यांचं नाव होईल. आता या वयात स्वतःशी खोटं बोलायचाही कंटाळा येतो, म्हणून सांगते: मी घाबरले होते. बाकी काही नाही. आणि मी स्वतः कडेवर भाऊ घेऊन पाढे पाठ केलेली मुलगी होते. गाळायच्या तर मीच त्या मुली गाळाव्यात, याची मला आजही लाज वाटते.

सहीसाठी कागद नेले तर गुरुजींनी सगळी पानं एकेक करून उलटली, वाचता येत नसताना. "अक्षर सुरेख आहे, बाई." मग म्हणाले, "झोळीचं घातलंत ना?"

मी हो म्हटलं.

पुढचं वर्षभर, आठ-पंधरा दिवसांनी, ते व्हरांड्यात मला विचारायचे, "झोळीचं काही आलं का?" मी नाही म्हणायची. कुणी म्हणालं, बांधा की हो, कोण बघतंय? ते म्हणायचे, "विचारलंय ना, मग उत्तर येऊ दे." तशी शिस्त होती त्यांच्यात. अहवाल तिकडच्या शिक्षकांच्या एका छोट्या मासिकात छापून आला. हेडमास्तरांनी तो अंक काचेच्या कपाटात, ढालीशेजारी ठेवला. गुरुजी कपाटावरून जाता-येता तिकडे बघायचेसुद्धा नाहीत. त्यांचं लक्ष टपालवाल्याकडे.

आणि मग टपाल आलं. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका खेड्यातल्या शिक्षिकेचं पत्र, गुरुजींच्या नावानं. मधल्या सुट्टीत त्यांनी मला बोलावलं. मुलं अंगणात खेळत होती. मी उभ्यानंच वाचत सांगायला लागले. बाईंनी लिहिलं होतं, की त्यांच्याकडेही समुद्र मैल-मैल मागे हटतो आणि पोरं मोठ्यांबरोबर शिंपले खणायला जातात. तुमचा अहवाल वाचून मीही भरती-ओहोटी बघून सुट्टी दिली आणि शनिवारी शाळा भरवली. मुलगे आले.

तिथे मी थांबले. पुढच्या ओळी मी मनात वाचल्या होत्या. 'माझ्या मुली मात्र गळाल्या. शनिवारी आमच्याकडे घरोघर आठवड्याचे पाव भाजतात आणि लहान भावंडं त्यांच्यावर असतात. तुमच्या अहवालात मुलींबद्दल एक अक्षर नाही. तुमच्या मुली येत राहिल्या का? तुम्ही काय केलंत? मला कळवाल का?'

"पुढे शुभेच्छा दिल्यात," मी म्हणाले.

गुरुजींनी चष्मा काढला. सोग्याला पुसला आणि हातात धरला.

"काय लिहिलंय ते सांगा, बाई."

मी सांगितलं. पत्रातलं सांगितलं, मग खणात गेलेल्या पानाचं सांगितलं, मग 'हो' म्हटलं होतं त्याचं. ते ऐकत होते. घंटा झाली, मुलं आत येऊन बसली, तरी ते तसेच बसले होते.

"म्हणजे झोळीचं कुणी विचारलंच नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "मी त्यांच्या आयांना सांगत राहिलो, परवानगी येतेय, थांबा. एकीचं तर लग्न ठरवलं त्यांनी."

त्यांनी टेबलावरून कागद ओढला आणि माझ्यापुढे केला.

"उत्तर लिहू या. त्या बाई वाट बघत असतील."

त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. मुलींचं सगळं. झोळीचं. त्याखाली त्यांनी घालायला लावलं, 'हा उपाय मी केलेला नाही. उपयोगी पडेल की नाही ते मला सांगता येत नाही.' आणि सगळ्यात शेवटी, 'पहिला अहवाल अपुरा गेला. दोष माझा. मला वाचता न येणाऱ्या कागदावर मी सही केली.' मी पेन थांबवलं. म्हटलं, गुरुजी, दोष माझा आहे. ते म्हणाले, "सही कुणाची आहे?" मग म्हणाले, "लिहा."

ते पत्रही त्या मासिकात छापून आलं. या वेळचा अंक काचेच्या कपाटात गेला नाही. दोन महिन्यांत गुरुजींची बदली झाली, कल्याणच्या खाडीपलीकडच्या एका गावातल्या एकशिक्षकी शाळेत. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली. त्याच महिन्यात मी कायम झाले. निघताना ते माझ्या वर्गात आले, म्हणाले, "हजेरीपटावर तिथी घालत जा, बाई." झाल्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही. त्यांनी बोल लावले असते तर ते उगाळत का होईना माझे दिवस गेले असते. मी तिथी घालायला लागले. त्यापलीकडे माझ्यानं काही झालं नाही. झोळी बांधायची तर हेडमास्तरांना विचारावं लागलं असतं, आणि ते विचारायला माझं तोंड उघडलं नाही.

दीडेक वर्षानं शाळेच्या पत्त्यावर पुन्हा एक पाकीट आलं. आत फोटो होता. खिडकीबाहेर बर्फ, वर्गात मधोमध शेगडी, बाकांच्या रांगा, आणि मागच्या भिंतीशी एक लाकडी पाळणा. शेजारी एक मुलगी पुस्तक वाचत होती आणि तिचा एक पाय पाळण्याच्या दांडीवर होता. फोटोमागे लिहिलं होतं, 'इथे उपयोग होतो. तुमच्याकडे?'

हा फोटो टपालानं पाठवायचा नाही, स्वतः न्यायचा, असं मी ठरवलं. एका बुधवारी रजा काढली, कल्याणला उतरले, खाडीवर होडी धरली. पलीकडे अर्धा तास चालल्यावर शाळा आली. एकच खोली, पहिली ते चौथी एकत्र. दारात एक तरुण मास्तर उभे होते. मी गुरुजींचं नाव घेतलं.

"तुम्हाला कळलं नाही का, बाई?" ते म्हणाले. "ते गेले. तापाचं निमित्त झालं. चार महिने झाले."

मी आत जाऊन खुर्चीवर बसले. मला रडू आलं नाही. फार दमल्यासारखं झालं, आणि फोटो मांडीवर तसाच राहिला. फोटोमागची ती ओळ त्यांना वाचून दाखवायची होती मला. नीट, काही न गाळता.

मग मागे नजर गेली. आढ्याच्या वाशाला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली होती. तिची दोरी एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या पायाच्या अंगठ्याला. ती पाढे म्हणत होती आणि पाय हलत होता.

तरुण मास्तर ओशाळले. "गुरुजींनी बांधलेली. साहेब येणार असं कळलं की आम्ही सोडून ठेवतो. ते होते तोवर त्यांनी कधी सोडू दिली नाही."

"परवानगी होती?" मी विचारलं.

"नाही. ते म्हणायचे, एकदा मागून पाहिली."

मी त्या मुलीला फोटो दाखवला. तिनं बराच वेळ निरखून पाहिला. पाळण्याशेजारच्या मुलीवर बोट ठेवून विचारलं, "हिची आई पन बाजारात गेली काय?" मी म्हटलं, "हो." फोटो मी तिथेच ठेवून आले.

निघताना मास्तरांनी शेरेबुक पुढे केलं. "ठाण्याहून आलात, काहीतरी चांगलं लिहा, बाई. साहेब बघतात."

त्यात आधीच्या पानांवर शेरे होते, मुले चुणचुणीत आहेत, शाळा स्वच्छ आहे. मी पेन उघडलं. मास्तर खांद्यावरून वाचत होते. दुसऱ्या ओळीला ते घाईनं म्हणाले, "अहो, हे साहेब वाचतील ना."

"वाचू देत," मी म्हटलं, आणि पुरं करून खाली सही केली.

'आज शाळा पाहिली. पटावर मुली सात. हजर सात. वर्गात मागे झोळी आहे, झोळीत मूल एक, झोपलेले.'